प्रतिनिधीचा आठवडा आणि कुरुळीचा हिशेब

संसदेचे अधिवेशन सुरू झाले म्हणजे खासदारांच्या कार्यालयांतून आठवड्याच्या कामाचे वृत्तांत बाहेर पडू लागतात. अमुक प्रश्न विचारला, तमुक मंत्र्याची भेट घेतली, महामार्गासाठी निवेदन दिले, शनिवारी-रविवारी गावी येऊन दोन सभामंडपांचे भूमिपूजन केले, अशा नोंदी त्यांत असतात. कुरुळीसारख्या गावात हे वृत्तांत घरोघर पोचतात. वाचणाऱ्याची अशी समजूत होते की दिल्लीतले काम ते राष्ट्राचे आणि गावातले काम तेवढे आपले. दिल्लीत प्रतिनिधीने काय केले हे राष्ट्राने पाहावे; आपण रस्ता, दिवाबत्ती आणि सभामंडप पाहावा. स्थितिवादी पक्षांना ही वाटणी फार सोयीची आहे, आणि त्यांच्या प्रतिनिधींनी ती मोठ्या कौशल्याने लोकांच्या अंगवळणी पाडली आहे. आमच्या मते खरी फसगत या वाटणीतच आहे. ती दाखवण्यासाठी प्रतिपक्षाला शिव्याशाप देण्याची गरज नाही. त्याच्या कामाचा एक आठवडा नीट वाचला तरी पुरे.

खेड तालुक्याने दिलेला मापदंड

उजव्या विचाराचा प्रतिनिधी आळशी असतो, असा आपल्या कित्येक कार्यकर्त्यांचा समज आहे. हा समज खरा नाही, आणि तो सर्वप्रथम खेड तालुक्यानेच सोडून दिला पाहिजे. रामभाऊ म्हाळगी यांचा जन्म १९२१ साली याच तालुक्यातील कडूस गावी झाला. संघाचे प्रचारक, पुढे जनसंघाचे नेते, ही त्यांची राजकीय वाट. १९५७ साली ते मावळातून विधानसभेवर निवडून आले. त्या निवडणुकीत जनसंघ संयुक्त महाराष्ट्र समितीत होता, म्हणजे एस. एम. जोशींच्या आणि म्हाळगींच्या कार्यकर्त्यांनी एकाच झेंड्याखाली प्रचार केला होता. नंतर म्हाळगी पुण्यातून विधानसभेवर गेले आणि १९७७ व १९८० मध्ये ठाण्यातून लोकसभेवर. १९८२च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची अर्थनीती आम्हाला कधीच मान्य नव्हती. समाजाविषयीची त्यांची दृष्टी तर आमच्या दृष्टीच्या अगदी विरुद्ध होती. पण प्रतिनिधीने मतदाराला हिशेब द्यायचा असतो ही गोष्ट त्यांनी व्रतासारखी पाळली. सभागृहात काय विचारले, काय उत्तर मिळाले, कोणाचे कोणते काम झाले याचा वार्षिक अहवाल ते मतदारांपुढे ठेवीत. त्या काळी हे आमदार-खासदारांच्या स्वप्नातही नव्हते. आज त्यांच्या नावाची प्रबोधिनी लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते, याचे कारण त्या शिस्तीत आहे.

म्हणून प्रतिपक्षाच्या प्रतिनिधीला लावण्याचे माप आपल्याला बाहेरून आणावे लागत नाही. त्याच्याच पूर्वसूरीने ते घालून दिले आहे: सगळे काम मतदारापुढे मांडा, सोयीचे तेवढे नव्हे. या मापाने एक प्रत्यक्ष आठवडा तपासून पाहू.

सप्टेंबर २०२०: दहा दिवसांचे अधिवेशन

पीयूष गोयल २०१० पासून २०२४ पर्यंत महाराष्ट्राचे प्रतिनिधी म्हणून राज्यसभेत होते. महाराष्ट्राला त्या सभागृहात एकोणीस जागा आहेत. त्यांपैकी एक त्यांची. २०२० साली रेल्वे आणि वाणिज्य ही दोन मोठी खाती त्यांच्याकडे होती. राष्ट्रीय प्रश्न आणि स्वतःच्या राज्याचे प्रश्न या दोन्हींचा भार एकाच माणसावर होता, म्हणून हे उदाहरण घेण्यासारखे आहे.

करोनाच्या साथीत भरलेले ते पावसाळी अधिवेशन १४ सप्टेंबरला सुरू झाले आणि ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी, २३ सप्टेंबरला गुंडाळले गेले. प्रश्नोत्तराचा तास मुळातच वगळण्यात आला होता. मंत्र्याला उभे करून जाब विचारण्याचे संसदेतील सर्वांत जुने हत्यार अधिवेशनापूर्वीच काढून घेतले गेले होते.

पहिल्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, वाणिज्य खात्याने कांद्याची निर्यात बंद केली. चाकणचा बाजार ज्याला ठाऊक आहे त्याला या बातमीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात काढलेला कांदा शेतकरी चाळीत राखतो, त्यातला काही सडतो, काही वजनाला घटतो, आणि पावसाळा सरता सरता भाव चढला म्हणजे त्याला चार पैसे मिळतात. नेमक्या त्या पंधरवड्यात परदेशची वाट बंद झाली. दुसऱ्याच दिवशी शरद पवारांनी गोयल यांना भेटून फेरविचाराची विनंती केली. देवेंद्र फडणवीस यांनीही, म्हणजे गोयल यांच्याच पक्षाच्या राज्यातील नेत्याने, बंदी उठवावी असे पत्र त्यांना पाठवले.

या पत्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. राज्यातला नेता शेतकऱ्याची बाजू घेऊन पत्र लिहितो. केंद्रातला मंत्री, तोही महाराष्ट्राचाच प्रतिनिधी, ग्राहकाच्या नावाने बंदी चालवतो. दोघांच्या कामाचे वृत्तांत वेगवेगळे छापले तर दोघेही कर्तव्यदक्ष ठरतात. शेजारी शेजारी ठेवून वाचले तर पक्षाने शेतकऱ्याला पत्र दिले आणि बाजार काढून घेतला, एवढेच शिल्लक राहते. ती बंदी १ जानेवारी २०२१ला उठली. तोपर्यंत चाळीतला कांदा संपला होता.

आता त्याच अधिवेशनातला २२ सप्टेंबरचा दिवस पाहा. राज्यसभेने सुमारे साडेतीन तासांत सात विधेयके संमत केली. त्यांतले एक जीवनावश्यक वस्तू कायद्यातील दुरुस्तीचे होते. शेतमालाच्या साठ्यावर सरकार यापुढे सहसा मर्यादा घालणार नाही. फळे-भाजीपाल्याचा किरकोळ भाव दुपटीने चढला तरच हात घालील, असे त्यात होते. कांदा मुक्त झाला, अशी त्याची जाहिरात झाली. निर्यातबंदी घातल्याला तेव्हा आठ दिवस झाले होते. पुढे महिनाभरात, २३ ऑक्टोबरला, घाऊक व्यापाऱ्याला पंचवीस टन आणि किरकोळ व्यापाऱ्याला दोन टन अशी साठ्याची मर्यादा घातली गेली. ग्राहक व्यवहार खातेही तोवर गोयल यांच्याकडे आले होते. ही मर्यादा नव्या कायद्याच्या कक्षेत बसत होती हे आम्ही मान्य करतो. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून जे दिसते ते असे: भाव पडतो तेव्हा बाजार स्वतंत्र असतो आणि भाव चढतो तेव्हा तो सरकारचा असतो. स्थितिवाद्यांच्या मुक्त बाजाराची ही व्याख्या चाकणच्या शेतकऱ्याने पुनःपुन्हा अनुभवली आहे. २०२३च्या डिसेंबरात पुन्हा निर्यातबंदी आली आणि २०२४च्या मेपर्यंत राहिली.

एका दुपारीत तीन संहिता

कांदा हा कुरुळीच्या जुन्या संसाराचा प्रश्न. नव्या संसाराचा प्रश्न त्याच आठवड्यात, दुसऱ्या दिवशी निकालात निघाला.

इंद्रायणी ओलांडून पुणे-नाशिक रस्त्याने चाकणकडे निघाले की कुरुळी लागते. एका पिढीपूर्वी जेथे शेते होती तेथे आज गोदामे, सुट्या भागांचे लहान कारखाने आणि भाड्याच्या खोल्या आहेत. मोठ्या मोटार कंपन्यांची नावे निघोजे आणि म्हाळुंगेच्या बाजूला झळकतात. त्यांना माल पुरवणारा कामगार कुरुळी, चिंबळी, मोई अशा गावांत दहा बाय दहाच्या खोलीत राहतो. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून तो आला आहे. शिकाऊ, प्रशिक्षणार्थी, ठरावीक मुदतीचा, ठेकेदाराचा अशी त्याची नावे अनेक आहेत, कायम हे नाव मात्र क्वचित.

या माणसाच्या नोकरीचा कायदा १९ सप्टेंबर २०२०ला लोकसभेत मांडला गेला, २२ला तेथे संमत झाला आणि २३ला राज्यसभेत. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा अशा तीन संहिता एकत्रच आल्या. पिढ्यान् पिढ्यांच्या लढ्यांतून उभे राहिलेले कामगार कायदे मोडून नवे रचायला संसदेला पाच दिवस पुरले.

त्यांतील एक कलम नमुन्यादाखल पुरेसे आहे. कामगारकपात किंवा टाळेबंदी करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन १९७६ साली औद्योगिक विवाद कायद्यात आले, तेव्हा ते तीनशे कामगारांच्या कारखान्यांना होते. १९८२च्या दुरुस्तीने ती मर्यादा शंभरावर आणली, आणि शंभर ते तीनशे कामगारांच्या कारखान्यांना संरक्षण मिळाले. २०२०च्या संहितेने ती पुन्हा तीनशेवर नेली. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी आपण जेथून निघालो तेथेच येऊन पोचलो. चाकणच्या पट्ट्यात सुटे भाग पुरवणारा मधल्या आकाराचा कारखाना हा या शंभर आणि तीनशेच्या मधल्या प्रदेशातला रहिवासी आहे.

कंत्राटी कामगारांची कथा अधिक बोधप्रद आहे. वीस कामगार असले की ठेकेदाराला कायदा लागू होई. संहितेने ही संख्या पन्नास केली. महाराष्ट्राने मात्र २०१६च्या दुरुस्तीने हा पन्नासाचा आकडा आधीच गाठला होता. राज्याने वाट काढून दिली आणि केंद्राने ती देशाला लागू केली. मग राष्ट्रीय प्रश्न कोणता आणि राज्याचा कोणता?

संहितांत चांगले काहीच नाही असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, मुदतीच्या कामगारालाही एका वर्षाच्या नोकरीनंतर उपदान, या तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु ज्याची नोकरीच अकराव्या महिन्यात संपवता येते त्याला वर्षाच्या उपदानाचा उपयोग किती, हे कुरुळीच्या कोणत्याही खोलीत जाऊन विचारावे.

हात वर न करता दिलेले मत

आता म्हाळगींच्या मापाकडे परत येऊ. या विधेयकांवर महाराष्ट्राच्या एकोणीस सदस्यांनी कोणते मत दिले? शेतीच्या पहिल्या दोन विधेयकांपुरते तरी याचे उत्तर राज्यसभेच्या दप्तरात नाही. २० सप्टेंबरला, रविवारी, ती विधेयके आली तेव्हा विरोधकांनी मतविभागणी मागितली. उपसभापती हरिवंश यांनी सदस्य आपापल्या जागी नाहीत या कारणास्तव ती नाकारली आणि आवाजी मतदानाने विधेयके संमत झाल्याचे जाहीर केले. गोंधळ झाला होता हे खरे. पण गोंधळ शमवून मते मोजणे हेच पीठासीन अधिकाऱ्याचे काम असते. सत्ताधाऱ्यांजवळ बहुमत होते तर मोजणीची भीती कशाला?

आवाजी मतदानात आवाज कोणाचा होता याची नोंद राहत नाही. मंत्र्याचा कौल आपण तर्काने ओळखू शकतो. बाकीच्यांनी होय म्हटले, नाही म्हटले की ते सभागृहाबाहेर चहा घेत होते, हे कुरुळीच्या मतदाराला कधीच कळणार नाही. खासदाराच्या वृत्तांतात किती प्रश्न विचारले याचा आकडा असतो, किती निवेदने दिली याचाही असतो. मत कोठे दिले हा रकाना नसतो. शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या पोटाशी संबंध असलेली नोंद तेवढी एकच आहे, आणि नेमकी तीच गाळली जाते.

राज्यसभेच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. लोकसभेचा सदस्य निदान पाच वर्षांनी दारात येतो. राज्यसभेचा सदस्य आमदारांच्या मतांवर सहा वर्षांसाठी जातो. त्याने त्या राज्याचा रहिवासी असावे ही अटही २००३च्या दुरुस्तीने काढून टाकली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. परिणामी पुण्याचे प्रकाश जावडेकर २०१४ ते २०१८ मध्य प्रदेशाचे प्रतिनिधी होते, तमिळनाडूचे पी. चिदंबरम २०१६ ते २०२२ महाराष्ट्राचे. दोष एका पक्षाचा नाही, सर्वांचाच आहे. राज्यांचे सभागृह म्हणून ज्याची कल्पना केली होती ते हळूहळू पक्षश्रेष्ठींच्या सोयीचे सभागृह झाले आहे.

निधी, रस्ता आणि फलक

मग गृहराज्याचे काम म्हणून काय दाखवले जाते? मुख्यतः स्थानिक विकासाचा निधी. १९९३ साली ही योजना सुरू झाली; २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात, आणि राज्यसभेच्या सदस्याला ती राज्यात कोठेही सुचवता येतात. साथीच्या काळात हा निधी रोखला गेला होता, पुढे तो पुन्हा सुरू झाला. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा, प्रवेशकमान यांवर जी नावे आपण वाचतो ती या निधीतून येतात. पैसा लोकांचाच असतो, नाव तेवढे खासदाराचे.

रस्त्याचेही तसेच. २०२४च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड अशा सुमारे तीस किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये. हा मार्ग कुरुळीवरूनच जायचा आहे. मंजुरीच्या श्रेयाचे फलक लावायला कोणत्याही पक्षाने उशीर केला नाही. रस्ता हवा याविषयी वाद नाही. सकाळ-संध्याकाळ कामगारांच्या गाड्या ज्या कोंडीत अडकतात ती ज्याने पाहिली तो असा वाद घालणार नाही. पण या मार्गाचे काम बांधा-वापरा-हस्तांतरित करा या पद्धतीने देण्याचे ठरले, म्हणजे ठेकेदार पथकरातून आपला पैसा वसूल करणार. तो कर मालवाहू गाडीच्या भाड्यात, भाड्यातून भाजीच्या भावात आणि शेवटी खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या पिशवीत उतरणार. फलकावर हे लिहिलेले नसते.

पाच कोटींच्या कामांचा वृत्तांत चकचकीत कागदावर छापून येतो. ज्या मताने चाकणच्या कांद्याची आणि कारखान्यांतल्या नोकऱ्यांची किंमत ठरली, त्याच्यावर एक ओळ नसते. यालाच आम्ही वाटणीची फसगत म्हणतो.

आपल्या बाजूचे काय?

एवढे सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. २३ सप्टेंबरला कामगार संहिता राज्यसभेत आल्या तेव्हा विरोधी बाके रिकामी होती. २१ तारखेला आठ सदस्य निलंबित झाले होते आणि त्याच्या निषेधार्थ विरोधकांनी बहिष्कार घातला होता. निलंबितांत महाराष्ट्राचे राजीव सातव होते, तसेच केरळातील कामगार चळवळीचे नेते एलामारम करीम होते. ज्याने कामगारांसाठी बोलायचे त्याला बाहेर काढून कामगारांचा कायदा केला गेला, ही सत्ताधाऱ्यांची लाजिरवाणी गोष्ट आहे. परंतु जे निलंबित नव्हते त्यांनी आत जाऊन, एकेका कलमावर दुरुस्ती मांडून, मतविभागणी मागून नोंद मागे ठेवायला हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. बहिष्काराने निषेध झाला, पण कामगाराची बाजू दप्तरात आली नाही. स्थितिवादी सदस्य जागेवर बसून राहिला आणि त्याचे काम झाले.

त्या आठवड्यातल्या दोन कायद्यांच्या पुढच्या प्रवासातही मोठा धडा आहे. शेतीचे कायदे झाल्यावर पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशातला शेतकरी २०२०च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या वेशीवर येऊन बसला आणि वर्षभर हलला नाही. २९ नोव्हेंबर २०२१ला संसदेने ते कायदे रद्द केले, तेही चर्चेविना. कामगार संहितांविरुद्ध केंद्रीय कामगार संघटनांनी २०२०, २०२२ आणि २०२५ मध्ये देशव्यापी संप पुकारले. परंतु संपाचा दिवस संपला की दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होई. २१ नोव्हेंबर २०२५ला चारही संहिता अमलात आल्या. बहुमत दोन्ही वेळी तेच होते. फरक पडला तो बाहेरच्या संघटनेने. शेतकरी गाव म्हणून उभा राहिला. आपला कामगार कायम, कंत्राटी आणि शिकाऊ असा तीन ठिकाणी विभागलेला राहिला, आणि कायम कामगारांच्या कित्येक संघटनांनी कंत्राटी कामगाराला सभासद करून घ्यायचीही तयारी दाखवली नाही.

शाखांनी करावयाचे काम

तेव्हा साथींनी या अधिवेशनापासून एक साधे काम हाती घ्यावे, असे आम्ही सुचवतो. प्रत्येक शाखेने एक वही घालावी. तिच्यात महाराष्ट्राच्या राज्यसभा सदस्यांसाठी आणि आपल्या लोकसभा सदस्यासाठी चार रकाने असावेत: काय विचारले, काय बोलले, कोणत्या बाजूने मत दिले, आणि केव्हा गैरहजर होते. सभागृहांचे कामकाज छापील उपलब्ध असते. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही, नेटाने वाचणारा एक माणूस लागतो. जेथे आवाजी मतदान झाले तेथे रकान्यात नोंद नाही असे स्पष्ट लिहावे. असे कोरे रकानेच मतदाराला सर्वांत जास्त सांगतील.

वहीचा सारांश दर आठवड्याला कुरुळी-चिंबळीच्या नाक्यांवर, पाळी सुटण्याच्या वेळी फळ्यावर लिहावा, मराठीत आणि हिंदीतही. त्यात विरोधी पक्षांचे सदस्य आणि आपले मित्रही वगळू नयेत. आणि पुढच्या निवडणुकीत जो कोणी मत मागायला येईल, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो, त्याच्याकडून एवढे वचन घ्यावे: शेतकरी आणि कामगार यांच्याशी संबंध असलेल्या प्रत्येक विधेयकावर तो मतविभागणी मागेल आणि आपले मत मतदाराला लेखी कळवील.

हे काम कंटाळवाणे आहे याची आम्हाला कल्पना आहे. मोर्चाला जो उत्साह असतो तो वहीला नसतो. पण चार संहितांचे नियम आता कारखान्याकारखान्यांतून लागू होत आहेत. कपातीची पहिली नोटीस लागेल त्या दिवशी कामगार विचारील की हा कायदा कोणी केला आणि तेव्हा आमच्या बाजूने कोण उभे होते. त्याला त्या वेळी नावे आणि तारखा सांगता आल्या पाहिजेत.